फायनान्सवाली भाची

इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीत फायनान्स म्हणजे हप्ता थकला की दारातून मोटारसायकल ओढून नेणारी माणसं. त्यामुळं बारावी कॉमर्स झाल्यावर संस्कृतीनं बारामतीला बीबीए करायचं आणि पुढं त्यात फायनान्स घ्यायचं म्हटलं, तेव्हा तिची आई अनिता भाकरी थापता थापता थांबली.

"पोरीच्या जातीनं लोकांच्या गाड्या वढून आणायच्या व्हय?" तिनं अगदी मनापासून विचारलं.

वडील, दादासाहेब, हसले. त्यांनाही नीट ठाऊक नव्हतंच. पण साखर कारखान्याच्या गट ऑफिसात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की आता बँकांना असलीच मुलं लागतात. "बँकेत खुर्चीवर बसायचं शिक्षान हाय त्ये," ते म्हणाले, आणि विषय तिथं संपला. थोरला अविराज बारावीला अडकून शेतीला लागला होता. निदान पोरीनं तरी शिकावं असं दादासाहेबांना आतून वाटायचं. पुढं जे झालं ते ऐकून लोक त्यांना वाईट ठरवतात, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

राहायचा प्रश्न सारजाआत्यानं सोडवला. सारजा ही दादासाहेबांची थोरली बहीण. ही दोनच भावंडं. बारामतीत एमआयडीसीच्या अंगाला भाड्याच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. नवरा कंपनीत कामाला होता, तो वारल्याला बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. कपड्यांच्या एका कारखान्यात ती शर्टाच्या कॉलरी शिवायची.

"हॉस्टेल कशापायी?" ती भावाला म्हणाली. "माझ्याकडं ऱ्हाईल. मलाबी घरात कुनाचा तरी आवाज हुईल."

पहिलं वर्ष संस्कृतीला फार जड गेलं. वर्गात बारामतीतली इंग्रजी शाळांमधून आलेली मुलं पुढच्या बाकांवर बसायची. सर शिकवायचे ते ती देवनागरीत उतरवून घ्यायची आणि घरी येऊन एकेका शब्दाचा अर्थ मोबाइलवर शोधायची. वर्गात प्रश्न विचारायला हात वर करावा तर इंग्रजी वाक्य मनात जुळेपर्यंत तास पुढं गेलेला असायचा. पहिल्याच चाचणीत ती दोन विषयांत नापास झाली. त्या संध्याकाळी तिनं बॅग भरली.

आत्या कामावरून आली तेव्हा ही दाराशी बॅग घेऊन रडत बसलेली. आत्यानं चपला काढल्या, हातपाय धुतले, चहा टाकला आणि मग विचारलं, "काय झालं?"

"मला न्हाय जमत. मी जाती घरी."

"मला मशीनवर बसवलं तवा पैले दोन म्हैने मी निस्त्या कॉलरी उसवल्या," आत्या म्हणाली. "शिवल्या कमी आन् उसवल्या जास्त. सुपरवायझर रोज शिव्या घालायचा. तू लगीच कुठं चाललीस? च्या घे."

संस्कृती राहिली. दुसऱ्या वर्षी तिला विषयाची गोडी लागली. रेश्मा मॅडम वित्तव्यवस्थापन शिकवायच्या. आज हातात आलेला पैसा आणि पुढं कधीतरी येणारा तेवढाच पैसा यांची किंमत एक का नसते, असं त्यांनी एकदा वर्गाला विचारलं. पुढच्या बाकावरच्या मुलांनी सूत्र सांगितलं. संस्कृतीनं पहिल्यांदाच हात वर केला आणि मराठीतच सांगितलं, "मॅडम, आमच्याकडं ऊस गाळपाला गेला तरी बिल तुकड्यातुकड्यानं येतं. शेवटचा तुकडा येईपर्यंत खताचे भाव वाढलेले असतात. तेवढ्याच पैशात मग दोन पोती कमी येतात."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "हेच उत्तर आहे," त्या म्हणाल्या. "आता हेच इंग्रजीत लिहून आण."

त्या दिवसापासून ती मॅडमच्या मागंच लागली. सुट्टीत निरवांगीला गेली की गावातली माणसं पीकविम्याचे, बचत गटाच्या कर्जाचे कागद घेऊन यायची. दादासाहेब कट्ट्यावर बसून ऐटीत सांगायचे, "आमची संस्कृती फायनान्सला हाय. तिला दाखवा."

तिसऱ्या वर्षाला प्रकल्प होता. एखादं खरं घर निवडायचं, त्या घराची मिळकत, खर्च, जवळ काय आहे, पुढं काय लागेल हे सगळं मांडायचं आणि त्या माणसांना सल्ला द्यायचा. बाकीच्यांनी शिक्षक, दुकानदार अशी घरं घेतली. संस्कृतीनं आत्याचं घर घेतलं.

एका रविवारी दोघी मेथी निवडत बसल्या होत्या. संस्कृतीनं विचारलं, "आत्या, तुझ्या नावावर काय काय हाय?"

"माझ्या नावावर? लाइटीचं बिलसुदिक घरमालकाच्या नावावर हाय," आत्या हसली.

"आगं खरंच सांग. मला लिहायचंय."

आत्यानं सांगितलं. शिलाई मशीन, पेटीत ठेवलेलं डोरलं, कानातलं, कारखान्याचा पीएफ. तेवढंच.

"आन् म्हातारपणी काय करायचं ठरवलंयस?"

मेथी निवडणारे आत्याचे हात थांबले. असं तिला कुणी विचारलं नव्हतं. "डोळं चालत्यात तवर मशीन," ती म्हणाली. "मग दादासाहेब काय मला टाकून देनार हाय व्हय?"

"पन आबांच्या जमिनीत तुझा वाटा हाय की. तू त्यांची लेक न्हाईस व्हय?"

"गप!" आत्यानं दाराकडं बघितलं, जणू बाहेर कुणी उभंच आहे. "कुनी ऐकंल. बाईनं वाटा मागितला की तिचं म्हायेर बंद झालं म्हनून समज. मला गव्हाचं पोतं येतंय, दिवाळीला साडी येती, भाऊबीजंला भाऊ येतो. मला आनि काय पायजे?"

जमीन प्रकल्पात लिहायची की नाही हे संस्कृतीला सुचेना. तिनं रेश्मा मॅडमना विचारलं. "कायद्यानं त्यांचा हिस्सा आहे ना?" मॅडम म्हणाल्या. "मग तो लिहायचा. त्यांना तो हवा आहे की नको, ही गोष्ट वेगळी लिही." तिनं तसं लिहिलं, आणि सगळं मांडून झाल्यावर बघत बसली. जमीन वगळली तर आत्याचं काम सुटल्यानंतर वर्षभरसुद्धा घर चालण्यासारखं नव्हतं. दोन वर्षांहून जास्त काळ ती ज्या घरात जेवत होती त्या घराचं हे तिला कधी दिसलं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात वडिलांचा फोन आला.

आबा, म्हणजे संस्कृतीचे आजोबा, दोन वर्षांमागं वारले होते. त्यांच्या माघारी सातबाऱ्यावर दादासाहेब आणि सारजा अशी दोघांची नावं लागली होती. आता रस्त्याकडंच्या तुकड्यावर पेट्रोल पंप टाकायचं अविराजनं मनावर घेतलं होतं. त्याला जमीन एकाच्या नावावर, बिनघोर पाहिजे होती.

"आक्काची सही लागती," दादासाहेब म्हणाले. "वकील म्हनला, हक्कसोड करून घ्या. तू जरा समजावून सांग तिला. तुझ्यावर तिचा इस्वास हाय, आन् तू त्यातली शिकलेली हायस."

"काय सांगू पप्पा?"

"वारसाचं काम हाय म्हनावं. निस्तं नाव कमी करायची सही. लई फोड करून सांगत बसू नगं."

संस्कृतीनं विचारलं, "आन् आत्याला काय देनार?"

"तिला काय कमी हाय? आन् तिच्या मागं हाय कोन? शेवटाला करनार आमीच का न्हाय?"

हे ते फसवायला बोलत नव्हते. आपण बहिणीला सांभाळू, असं त्यांना खरोखर वाटत होतं. संस्कृतीला ते कळत होतं, आणि तिची पंचाईत तीच होती. बाप खोटारडा असता तर तिला बोलणं सोपं गेलं असतं.

तिनं आत्याला काहीच सांगितलं नाही. रोज संध्याकाळी ती ठरवायची, आज सांगू. आत्या दमून आलेली असायची. जेवताना कारखान्यातल्या गमती सांगायची. संस्कृती तोंड उघडायची आणि मिठाची बरणी मागायची. शेवटच्या सत्राची फी भरायची होती. अविराजचं लग्न जमवायचं चाललं होतं, पंप झाला तर स्थळं बरी येणार होती. आणि मनात एक वेडी आशाही होती, की पप्पाच स्वतःहून आत्याला सगळं सांगतील, काहीतरी देऊ करतील, आणि आपल्याला मध्ये पडावं लागणार नाही.

दसरा झाल्यावर दादासाहेबांनी बहिणीलाच फोन केला. "आक्का, वारसाचं काम राहिलंय. इंदापूरला सहीला ये. गाडी पाठवतो."

सारजानं रजा टाकली. गेल्या दिवाळीची साडी नेसली. भावजयीला आवडतात म्हणून नारळाच्या वड्या केल्या, डब्यात भरल्या. "चल तूबी," ती संस्कृतीला म्हणाली. "तितनं गावाकडं जाऊन येऊ, तुझी आई भेटंल." गाडी अविराज चालवत होता. वाटेत आत्या त्याला मुली बघण्यावरून चिडवत होती. संस्कृती मागच्या सीटवर बसून बाहेरचा ऊस बघत होती.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गर्दी होती. दादासाहेब वकिलाबरोबर आधीच येऊन थांबले होते. कागद तयार होते. नंबर आला तसं सगळे टेबलाशी गेले. फोटो काढायचा कॅमेरा होता, अंगठ्याचं यंत्र होतं. टेबलामागच्या अधिकाऱ्यानं मान वर न करता नेहमीचं विचारलं, "मावशी, दस्तातला मजकूर समजला ना? कबूल आहे?"

सारजा गोंधळली. तिला सही करता यायची, वाचायला मात्र अडखळायचं. तिनं भावाकडं बघितलं, मग मागं वळली. "संस्कृती, तू वाच बरं. तू सांगितलंस की मग काय न्हाय."

"वाचायचं काय त्यात?" अविराज म्हणाला. "लोक थांबल्यात."

"वाचू दे की. माझी भाची फायनान्सला हाय," आत्या त्या अधिकाऱ्याला कौतुकानं म्हणाली.

संस्कृतीनं कागद हातात घेतला. दादासाहेब तिच्याकडं बघत होते. रागानं नव्हे, लहानपणी सायकल शिकवताना ती पडायला आली की बघायचे तसे. तिनं वाचायला सुरुवात केली. गट नंबर, चतुःसीमा, वारसांची नावं. मग ते वाक्य आलं. "सदर मिळकतीतील माझा संपूर्ण हक्क, हिस्सा व हितसंबंध मी कोणताही मोबदला न घेता कायमचा सोडून देत आहे."

"म्हंजी?" आत्यानं विचारलं.

अजूनही 'वारसाचं काम' म्हणता आलं असतं. कुणी तिला खोटं पाडलं नसतं.

"म्हंजी आबांच्या जमिनीत तुझा जो वाटा हाय तो तू कायमचा सोडतीयस," ती म्हणाली. "बदल्यात तुला काय मिळनार न्हाय. आन् सही केल्यावर मागारी फिरता येत न्हाय."

सारजानं भावाकडं बघितलं. "दादासाहेब, तू वारसाचं काम म्हनलास."

"त्येच हाय आक्का. एकच हाय त्ये."

"एकच आसतं तर तू मला फोनवर आसंच सांगितलं आसतंस."

अधिकाऱ्यानं आता मान वर केली. "राजीखुशीनं करताय ना? नसेल तर बाजूला व्हा, पुढचा नंबर घेतो."

सारजानं टेबलावरचा हात मागं घेतला. "आज नगं," ती एवढंच म्हणाली.

बाहेर आल्यावर अविराज संस्कृतीवर धावूनच आला. "ह्याच्यासाठी शिकवलं व्हय तुला? उद्या तुझीबी सही लागनार हाय. तवा बघतो." दादासाहेबांनी त्याला दंडाला धरून गाडीत बसवलं. मग ते स्वतः पुढच्या सीटवर बसले. गाडी निघून गेली आणि वड्यांचा डबा आत्याच्या हातात तसाच राहिला.

इंदापूर ते बारामती एसटीत आत्या खिडकीशी बसून होती. संस्कृतीला वाटत होतं, आपण उशिरा का होईना पण बरोबर केलं. आत्या आता हात धरेल, काहीतरी बोलेल. आत्या बोलली ती घरी येऊन, कुलूप काढल्यावर.

"तुला कवापासनं ठाऊक हुतं?"

"दसऱ्याच्या आधीपासनं," संस्कृती म्हणाली.

"आन् मी वड्या करत हुते, साडी काढत हुते, तवा तू बघत बसलीस."

"मला सांगायचं हुतं आत्या, पन..."

"घरात सांगितलं आसतंस तर मी त्याला घरात बोलले आसते. भांडले आसते, रडले आसते. न्हायतर दिलीबी आसती सही, कुनाला ठाऊक. चार लोकांत त्याची मान खाली गेली गं. आता त्यो माझ्याकडं वर बघनार न्हाय."

माहिती वेळेत दिली नाही तर तिचा उपयोग नसतो, हे संस्कृतीनं परीक्षेत दोनदा लिहिलं होतं. त्या दिवशी दोघी वेगवेगळ्या खोल्यांत जेवल्या.

दिवाळी आली. भाऊबीजेला सारजानं नेहमीसारखं ओवाळणीचं ताट तयार केलं. निरांजन, सुपारी, करदोडा. दुपार झाली, संध्याकाळ झाली. शेजारच्या घरांत भाऊ येत होते, जात होते. अंधार पडल्यावर तिनं निरांजनातलं तेल समईत ओतलं आणि ताट मांडणीवर ठेवून दिलं. संस्कृती तेव्हा अभ्यासाचं पुस्तक पुढं धरून बसली होती. तिनं त्या संध्याकाळी एक पानही उलटलं नाही.

शेवटच्या सत्राच्या फीची तिला धास्ती होती. ती कारखान्यात आत्याबरोबर अर्ध्या दिवसाचं काम मिळतंय का ते विचारूनही आली. पण एक दिवस कॉलेजात चौकशी केली तर फी भरलेली होती. दादासाहेबांनी परस्पर भरली होती. फोन मात्र केला नव्हता. तिनं केला, तो त्यांनी उचलला नाही.

प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. त्यांनी पानं चाळली. "छान काम आहे," ते म्हणाले. "हिस्सा समजून घेतल्याशिवाय सोडू नये, असा सल्ला दिलाय. या बाईंनी तो ऐकला का?"

"ऐकला सर."

"मग त्यांची परिस्थिती सुधारली का?"

"मला माहीत नाही सर," संस्कृती म्हणाली. परीक्षकांना वाटलं पोरगी घाबरली. त्यांनी चांगले गुण दिले. बाहेर आल्यावर रेश्मा मॅडम तिच्याजवळ आल्या. संस्कृतीनं त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी काही समजूत घातली नाही. कँटीनमध्ये नेऊन पोहे खायला घातले आणि ती खाईपर्यंत समोर बसून राहिल्या.

पंप शेवटी पलीकडच्या गावात, दुसऱ्या कुणाच्या रानात झाला. अविराजचं बोलणं बंदच राहिलं. सातबाऱ्यावर दोन्ही नावं आहेत तशीच आहेत. सारजा वाटा मागत नाही आणि सहीही करत नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "त्यानं समोर बसून मागावं. मग बघू." आत्या-भाची आता बोलतात, एकत्र जेवतात. पण पूर्वी आत्या कुठलाही कागद आला की "हे बघ गं" म्हणून हिच्यापुढं टाकायची, तो आता स्वतःच चष्मा लावून, अक्षराला अक्षर जोडत वाचते.

निकाल लागला, संस्कृती पहिल्या वर्गात पास झाली. बारामतीतच एका कर सल्लागाराच्या ऑफिसात तिला काम मिळालं. जूनमध्ये आई भेटायला आली. सुप्याला नात्यात लग्न होतं, ते आटोपून अनिता बारामतीच्या स्टँडवर उतरली, घरात कुणाला न सांगता. आत्याच्या घरी यायला तिचं पाऊल उचलेना. मायलेकी स्टँडवरच्या बाकड्यावर बसल्या. अनितानं शेंगांच्या पोळ्यांचं गाठोडं सोडलं.

"पप्पा कसं हायेत?" संस्कृतीनं विचारलं.

"हायेत. जेवत्यात, रानात जात्यात. कट्ट्यावर बसत न्हाईत आता." मग अनिता म्हणाली, "मीबी केली हुती सही. लगीन झाल्यावर दोन-तीन वर्सांनी. भावानं गाडी पाठवली, साडी नेसवली, जेवायला पुरनपोळी केली. मला कुनी वाचून दावलं न्हवतं."

हे संस्कृतीनं कधी ऐकलं नव्हतं. "दावलं आसतं तर?"

अनितानं जरा विचार केला. "तरीबी केली आसती. पन कशावर केली त्ये ठाऊक आसतं." आणि तिनं पोळीचा तुकडा मोडून मुलीच्या हातावर ठेवला.

इंदापूरची गाडी लागली. चढता चढता ती म्हणाली, "त्यांना फोन करत जा. उचलनार न्हाईत. तरीबी करत जा."

संस्कृती दर रविवारी फोन करू लागली. पुष्कळ दिवस तो नुसता वाजून बंद व्हायचा. पावसाळा सरता सरता एकदा तो उचलला गेला. पलीकडं कुणी बोललं नाही. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता, कुणीतरी बैलाला हाकत होतं.

"पप्पा?" ती म्हणाली. "ऐकताय ना?"

"जेवलीस का?" दादासाहेबांनी विचारलं.

"व्हय."

बहिणीचं नाव त्यांच्या तोंडी आलं नाही, हिनंही काढलं नाही. "बरं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.